चित्रांगीची चिलीम

एका राज्यात रीतच अशी, की गादीवर बसायचं तर आधी मांत्रिकापुढे चरसाची चिलीम ओढायची. हसू नका, बापहो! ठसका लागला की माणूस जागीच दगड होई. धूम्रकेश मांत्रिकाच्या अंगणात असे कितीतरी दगडी राजपुत्र उभे होते, गाल फुगवलेले, डोळे बाहेर आलेले. त्यांतला शेवटचा वज्रबाहू. त्याची थोरली बहीण चित्रांगी त्याला सोडवायला निघाली. पठ्ठीनं जन्मात धूर ओढला नव्हता!

वाटेत देवदारावरची साळुंकी बोलली, "राजकन्ये, तुझा भाऊ कशानं फसला, ठाऊक आहे?"

"सांग, बाई."

"राजाला शोभेल असा म्हणून सगळ्यांत काळा, सगळ्यांत टणक चरसाचा गोळा त्यानं उचलला. आणि मर्दुमकी दाखवायला छाती भरून ओढला. तू डोळ्यांनी निवडू नकोस. बोटांनी निवड, नाकानं निवड."

मांत्रिकानं तीन ताटं मांडली. पहिल्यात काळाकुळकुळीत, चकाकता गोळा. चित्रांगीनं दाबला, तर ढिम्म हलेना. हुंगला, तर ओल्या तळघराचा कुबट वास! दुसऱ्यातला हिरवट, हात लावताच भुगा झाला. नुसता पाल्याचा चुरा मिसळलेला, घसा सोलून काढणारा. तिसऱ्यातला तपकिरी, दिसायला अगदी सामान्य. पण बोटांच्या उबेनं तो लोण्यासारखा मऊ झाला आणि देवदाराचा सुवास सुटला.

"हा माझा," ती म्हणाली.

मांत्रिकाच्या कपाळावर आठी पडली. "आता चिलीम निवड."

एक सोन्याची, आखूड, जळक्या काजळीनं माखलेली. दुसरी चांदीची, तशीच. तिसरी मातीची, लांब, आतून स्वच्छ. चित्रांगीनं मातीची घेतली, तळाशी खडा बसवला, तोंडाला ओलं फडकं गुंडाळलं. लांबून येणारा धूर निवत येतो, एवढं तिला उमगलं होतं.

"आता ओढ!"

समोर भाऊ दगड होऊन उभा! तिनं वाटाण्याएवढाच तुकडा घातला, निखारा वरवर टेकवला, ज्वाळा होऊ दिली नाही. मग चिमणी पाणी पिते तेवढाच झुरका घेतला, जरा थांबली, आणि हळूच सोडला. घसा खवखवला. डोळ्यांत पाणी आलं. पण ठसका? छे!

"झालं, महाराज. आता रीतीप्रमाणे जिंकणाऱ्यानं यजमानाची चिलीम भरायची. पेटलेली चिलीम नाकारता येत नाही ना?"

"नाही," मांत्रिक पुटपुटला.

चित्रांगीनं सोन्याची आखूड चिलीम उचलली, तो काळा गोळा अख्खा ठेचून भरला, वर रसरशीत निखारा ठेवला. मांत्रिकानं ओढली मात्र, असा ठसका उसळला की काय सांगू! दाढीपासून खडावांपर्यंत तो दगड झाला.

त्याच क्षणी अंगणातले सगळे दगड हलले. प्रत्येकाचा अर्धवट राहिलेला ठसका बाहेर पडला. खॉ खॉ खॉ! डोंगर दणाणला. वज्रबाहू गुडघ्यांवर बसला, श्वास लागताच म्हणाला, "ताई, गादी तुझी."

"गादी राहू दे रे, आधी तू नीट श्वास घे," म्हणत तिनं त्याला कवटाळलं आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडली.

नगारे वाजले, तोरणं चढली. चित्रांगी राणी झाली, आणि पहिल्याच दरबारात तिनं ती रीत कायमची मोडली.