तटातली मोकळी जागा

त्रेतायुगाच्या आरंभी, रेवातीरीच्या अरण्यात शैलावती नावाची वैभवशाली नगरी होती. तिच्या महाद्वारावरूनच हत्तींची अनादी वाट जात असे. ग्रीष्मात डोंगरावरचे पाणवठे आटले, की शेकडो हत्ती खिंडीतून उतरून नदीच्या डोहांकडे जात.

राजा उग्रकेतूने त्या खिंडीत अभेद्य तट उभारला. खिंडीजवळ आश्रम असलेल्या तृणायन मुनींनी त्याला परोपरीने विनवले, की पाण्याची वाट अडली तर पिल्ले तहानेने तडफडून मरतील. पण सारे पालथ्या घड्यावर पाणी.

“मुनिवर, पशूंनी दुसरी वाट शोधावी,” एवढेच तो म्हणाला.

चैत्र सरला आणि कळप आला. सेनापती पडला की सैन्य पळते, हे राजा रणांगणात शिकला होता. म्हणून सर्वांत उंच दंतवाल्या गजावर त्याने शरवर्षाव करविला. डोळे फुटलेला तो गज रक्त ओकत कोसळला, तरी कळप हटला नाही. कारण हत्तींना वाट दाखवते ती म्हातारी हत्तीण. तिने तटावर मस्तक आदळले, पुन्हा आदळले, कवटी तडकेपर्यंत आदळले. तट फुटला, त्याखाली सैनिक चिरडले गेले, उरलेल्यांना हत्तींनी शिळांवर आपटले. तेव्हा राजाचा शूल म्हातारीच्या काळजात घुसला. वाट जाणणारी गेली, आणि सैरावैरा धावलेला कळप कड्यावरून खाली गेला. दरीतला पिल्लांचा आक्रोश बराच वेळ चालला होता.

रक्ताच्या चिखलातून तृणायन आले. एक मादी पिल्लू तेवढे म्हातारीच्या प्रेताला बिलगून वाचले होते.

मुनी म्हणाले, “उग्रकेतो, तू यांची वाट पुसलीस. तुझ्या घराची वाट तुलाही सापडणार नाही. हे पिल्लू आजीबरोबर एकदा इथून चालले आहे. माझ्या आश्रमात वाढून ते आपला कळप याच वाटेने नेईल, त्या दिवशी तू घरी पोहोचशील.”

राजा वळला. समोर नगरीची शिखरे दिसत होती, पण चालावे तो पाय पुन्हा खिंडीतच येत. तीस वर्षे तो तटाचे दगड स्वतःच्या हातांनी उपसत राहिला.

अखेर ती आली, मागे लेकुरवाळा कळप घेऊन. आजीच्या हाडांवरून तिने सोंड फिरवली आणि चालू लागली. तिच्या पावलांत पाऊल टाकत राजा महाद्वारी पोहोचला. तिथे त्याला कोणीही ओळखले नाही.

तेव्हापासून त्या देशी कोट बांधताना हत्तींच्या वाटेवर दगड ठेवत नाहीत, आणि कळप जाऊ लागला की राजाही रथातून उतरून थांबतो.