शेवूच्या घरची खिरापत

डोंगराच्या कुशीत, गवताच्या एका खोपटात शेवू नावाची चिमुकली मुलगी आईसोबत राहत होती. आईला कुष्ठरोग झाला होता. अंगावरचा फिकट चट्टा तिने लाजेपोटी फार दिवस लपवला, म्हणून दोन बोटं कायमची वाकडी झाली. दवाखान्यातल्या गोळ्या घेऊन ती आता पूर्ण बरी होती. तरी गाव तिच्या ओंजळीत अजून लांबूनच पाणी ओतत असे.

भोंडल्याचे दिवस होते. रोज एका घरची खिरापत. आज शेवूची पाळी.

"तुझ्या आईच्या हातचं कोण खाणार गं?" ज्यांच्या अंगणात फेर धरत, त्या बकुळाकाकू म्हणाल्या. "तू फेर धर हवं तर. डबा आणू नकोस."

शेवू हादग्याच्या बनात जाऊन मुसमुसू लागली. तोच एक शुभ्र कळी उमलली आणि आतून इवलीशी परी उतरली. पंख मोरपंखी, पावलांत दवबिंदूंचे पैंजण.

"एक इच्छा माग, बाळ. मात्र झालेलं मला फिरवता येत नाही, आणि कुणाचं मन बदलता येत नाही. टुमदार घर माग, रेशमी परकर माग."

शेवूच्या डोळ्यांपुढे लाल कौलांचं घर आलं. मग आईचा हात आला. तव्याचा चटका बसला तरी त्याला कळत नसे.

"असा चट्टा ज्याला असेल, त्याला तो वेळेवर दिसू दे," ती म्हणाली. "पण ज्याचा त्यालाच. नाहीतर लोक त्यालाही हिणवतील."

परीने पंख झटकले. सोनेरी कण गावभर भुरभुरले.

संध्याकाळी काकूंच्या अंगणात फेर संपला. काकू नको म्हणाल्या होत्या, तरी शेवू आणि आई डबा घेऊन कडेला उभ्या होत्या. एकही मुलगी पुढे येईना.

काकू मात्र स्वतःच्या कोपराकडे टक लावून बघत होत्या. तिथे दुसऱ्या कुणालाच काही दिसत नव्हतं. त्यांनी चिमटा काढला. पुन्हा जोरात काढला, तरी दुखेना. शेवूला सगळं कळलं. तिने हळूच नजर दुसरीकडे वळवली.

काकू आईजवळ आल्या. आवाज अगदी खाली होता. "कौसा, त्या गोळ्यांनी खरंच बरं होतं?"

"होतं, वहिनी. मी उशीर केला, तुम्ही करू नका. उद्या मी येते सोबत."

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि हात पुढे केला. "वाढ."

"काकू, तुम्ही खाणार?" एक मुलगी कुजबुजली.

"खातेय ना," घास चावत काकू म्हणाल्या. "ओळखा आता काय आहे ते. आणि नाही ओळखलंत तर सगळं मीच संपवणार."

"शिरा?" "चिक्की?" मुली डब्याभोवती जमू लागल्या. हादग्याच्या शेंड्यावर परी क्षणभर लखलखली आणि उजेडात विरघळून गेली. शेवूने ते पाहिलंच नाही. आईच्या वाकड्या बोटांतून लाडू घ्यायला आता रांग लागली होती.