टिटवीची अर्धी आई

फार मागची गोष्ट आहे. किती मागची, ते विचारू नका. ज्यांनी पाहिली ते गेले, ज्यांनी त्यांच्याकडून ऐकली तेही गेले. सांगणाऱ्यांच्या तोंडून फिरत फिरत ती आपल्यापर्यंत आली, एवढं खरं.

एका गावाबाहेर मोठा उघडा माळ होता. माळाच्या कडेला सटवाजी नावाचा दोर वळणारा राहायचा. घर म्हणजे एक खोली, पुढं छपरी, आणि छपरीपासून सरळ माळात गेलेली, झाडून लख्ख केलेली दोनशे पावलांची पट्टी. त्या पट्टीवर दोर वळायचा.

लांब दोर कसा वळतात, ठाऊक आहे? त्याला दोन माणसं लागतात. एक जण चाकापाशी बसून चाक फिरवतो. दुसरा घायपाताच्या तंतूंचा, म्हणजे वाखाचा, झुबका कमरेला बांधतो, त्याचं टोक चाकाला अडकवतो आणि तंतू सोडत सोडत मागं चालत जातो. पाठ माळाकडं, तोंड चाकाकडं. सटवाजी वीस वर्षं असा उलटा चालला, आणि वीस वर्षं चाकापाशी त्याची बायको बसली. दिवसभर समोर तिचं तोंड. ती बोलायची, तो हसायचा, दोर लांबत जायचा.

मग ती तापानं गेली. सटवाजी मांडीवर हातानं वळून आखूड दावी करू लागला, गाई-वासरं बांधायची. लांब दोर बंद झाले.

आता तुम्ही म्हणाल, गिऱ्हाईक तर येत असेल ना दारात? येत होतं की. पण एका पेठेत एक अत्तरवाला होता, त्याचं ऐका. त्याच्यापुढं सकाळपासून माणसांची रीघ. जो तो मनगट पुढं करी, वास घेई, ‘वा!’ म्हणे. एकदा त्याला सणकून सर्दी झाली. चार दिवस त्याला स्वतःला कशाचाच वास येईना. ते एकाही माणसाच्या ध्यानात आलं नाही. सटवाजीचं तसंच होतं. दावं मागायला माणूस यायचा, दावं घेऊन जायचा.

चैत्रातल्या एका दुपारी आभाळ काळंतांबडं झालं आणि गारा पडल्या. लिंबाएवढ्या. बघता बघता माळ पांढरा झाला. पाऊस थांबल्यावर सटवाजी वाळत घातलेला वाख गोळा करायला बाहेर पडला, तेव्हा त्याला एक टिटवी दिसली. पंख पसरून जमिनीला चिकटून बसलेली. तो जवळ गेला तरी उठली नाही. माणूस जवळ आला आणि टिटवी उठत नाही, हे कधी घडतं का? त्यानं वाकून पाहिलं. ती मेली होती. पंखांखाली चार पिल्लं होती. तीन गारठून गेलेली. चौथ्याची चोच उघडत-मिटत होती.

“छप्पर नाही सोडलंस तू,” सटवाजी त्या मेलेल्या आईला म्हणाला. त्या दिवसातले त्याचे हे पहिले शब्द होते.

नर कुठं दिसतो का म्हणून त्यानं बराच वेळ वाट पाहिली. कुणी आलं नाही. मग त्यानं ते पिल्लू वाखाच्या झुबक्यात गुंडाळलं आणि घरी नेलं. चुलीच्या उबेला ठेवलं. दिवस मावळेपर्यंत ते काडीसारख्या लांब पायांवर उभं राहिलं, दोनदा पडलं, आणि भिंतीवरची मुंगी त्यानं आपली आपण टिपून खाल्ली.

“पंख फुटेपर्यंत राहा,” सटवाजी म्हणाला. “मग जा.” हे तो मनापासूनच म्हणाला होता. पाहुणा येतो तेव्हा आपणही मनापासूनच म्हणतो, चार दिवस राहा.

पिल्लू त्याच्या मागं फिरू लागलं. तो चुलीपाशी गेला की चुलीपाशी, आडावर गेला की आडावर. एके सकाळी सटवाजी सहजच पट्टीवर उभा राहिला, कमरेला वाख बांधला, टोक खुंटीला अडकवलं आणि पूर्वीसारखा मागं चालू लागला. आणि ते पिल्लू त्याच्या समोर, त्याच्या तोंडाकडं बघत, तुरूतुरू येऊ लागलं. खुंटीनं पीळ बसत नाही, दोर काही झाला नाही. पण सटवाजी दोनशे पावलं चालला. आणि दोनशे पावलं बोलत राहिला. कुणाची गाय व्याली, भाजीत मीठ जास्त पडलं, बायकोला चाक कुरकुरलेलं कसं खपायचं नाही, सगळं.

आठवड्यात गावभर झालं. टिटवी म्हणजे अपशकुनी, असं त्या गावाचं पक्कं मत. कोंडबा नावाचा शेतकरी दावं न्यायला आला, तो कुंपणाबाहेरच थांबला.

“काय सटवाजीराव, घरात नवी मंडळी आणलीत म्हणे! आम्हाला अक्षता नाहीत ते नाहीत, आणि पसंती तरी काय, टिटवी!”

“लहान आहे, कोंडबा. आई गेली तिची.”

“ती ओरडली ना, की कुणाची तरी तिरडी बांधावी लागते. माझी म्हातारी आधीच अंथरुणावर आहे, बाबा. दावं तिथूनच फेक.”

“ओरडत नाही ती,” सटवाजी अभिमानानं म्हणाला. “आल्यापासून एकदा ओरडली असेल तर शपथ. इतकी शहाणी आहे.”

कोंडबानं दावं झेललं आणि गेला. पुढं पुढं बाकीचेही कुंपणाबाहेरूनच येऊन जाऊ लागले. सटवाजीला त्याचं फारसं वाटलं नाही. त्याला बोलायला कुणीतरी होतं.

त्या माळावर धोंडाई नावाची एक म्हातारी मेंढरं चारायची. साठ उन्हाळे तिनं त्या माळावर काढले होते. एकदा ती पाणी प्यायला छपरीत आली. मागून तिचा कुत्रा आला, दांडगा, लांडग्याशी भिडणारा. पिल्लू अंगणात होतं. कुत्रा दिसताच ते पळालं. पण लांब नाही पळालं, कुत्र्याकडं पळालं. लांब पाय टाकत, मान वर करून, सटवाजीकडं पळायचं तसं.

धोंडाईनं तांब्या टाकला आणि कुत्र्याची मानगूट धरली. एक वीत राहिली होती.

“आरं मुडद्या,” ती सटवाजीला म्हणाली, “हे काय करून ठेवलंस तू?”

“मी? मी जीव वाचवला त्याचा, धोंडाई!”

“वाचवलास? बस खाली. टिटवीची आय पिल्लाला काय देते, सांग मला. चारा भरवते?”

“नाही. आपलं आपण टिपतं.”

“मग काय करते ती? दोनच कामं. अंगाखाली घेऊन ऊब देते, आन् कुणी आलं की वरडते. ती वरडली की पोरं भुईला चिकटत्यात, ढेकळासारखी. तेवढ्यावरच जगत्यात बघ. तू ऊब दिलीस. म्हंजे अर्धी आई झालास. वरडणार कोण?”

सटवाजीनं अंगणातल्या पिल्लाकडं पाहिलं. मग म्हणाला, “मी ओरडू?”

“मग काय मी वरडू? माझं दात गेलेत.” धोंडाई हसली आणि लगेच थांबली. “कुत्रा आला की वरड. घार दिसली की वरड. माणूस आला की वरड.”

“आणि मी आलो की?”

“तू आलास की सगळ्यात मोठ्यांदा.”

दुसऱ्या दिवसापासून सटवाजी पिल्लाला माळावर घेऊन जाऊ लागला. हात तोंडाशी धरून तो ओरडायचा, “टी-टी-टिव! टी-टी-टिव!” आधी कुत्र्याला, मग घारीला, मग लांबून जाणाऱ्या बैलगाडीला. पहिल्यांदा पिल्लू नुसतं त्याच्याकडं बघत राहिलं. मग त्याच्या रक्तात काहीतरी होतं ते जागं झालं. आवाज आला की ते जागच्या जागी बसायचं, मान जमिनीला टेकवायचं, आणि खडी-मातीत असं मिसळायचं की सटवाजीलाही शोधावं लागायचं. गावातली माणसं पाहायची आणि कपाळावर बोट आपटायची. दोरवाल्याचा पीळ सुटला, म्हणायची.

सगळं केलं त्यानं. एक सोडून. स्वतः जवळ जाताना तो ओरडला नाही. ‘उद्यापासून,’ असं तो रोज म्हणायचा. कारण तो गेला की पिल्लू धावत यायचं, आणि साऱ्या जगात त्याच्याकडं धावत येणारं दुसरं कुणी नव्हतं.

बाजारात बसणारा माणूस एक गोष्ट पुष्कळदा पाहतो. प्रत्येकाला वाटतं, जगातली सगळी मापं तपासून घ्यावीत, फक्त आपलं सोडून. आपण काय, आपलेच! सटवाजीचं काही वेगळं नव्हतं.

एके दिवशी वाख भिजत घालायला तो ओढ्यावर गेला. परत आला तर माळावर पिल्लू नाही. त्यानं शीळ घातली, हाका मारल्या. मग त्याला वाटेवरून जाणारा एक माणूस दिसला. डोक्याला मुंडासं, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर जाळं आणि हातात झाकलेली बुरडी टोपली. पाखरं धरणारा होता. सटवाजी धावत गेला.

“टोपलीत काय आहे?”

“एक टिटवी. लहान आहे.”

“माझी आहे ती!”

पाखरं धरणारा थांबला. भांडला नाही. त्यानं टोपली खाली ठेवली आणि झाकण काढलं. पिल्लू पाय बांधून आत ठेवलं होतं. दोरी काचून एका पायाला रक्त आलं होतं.

“घ्या, दादा,” तो म्हणाला. “पण मी हिला धरली नाही. जाळंही सोडलं नाही मी. मी आपला भाकरी खात बसलो होतो, ही पळत आली आणि माझ्या पायाशी येऊन उभी राहिली. तीस वर्षं पाखरं धरतोय, टिटवी अशी कधी आली नाही. कुणी शिकवलं हिला?”

सटवाजीनं पिल्लाच्या पायाची दोरी सोडली. त्यानं पाखरं धरणाऱ्याचं मुंडासं पाहिलं, धोतर पाहिलं. त्याचं स्वतःचंही तसंच होतं. पाखराला त्या दोघांत फरक काय दिसणार होता?

चार दिवस त्यानं पायाला हळदीचा लेप लावला. त्या चार दिवसांत तो पिल्लाशी खूप बोलला. पाचव्या दिवशी त्यानं ते माळावर नेऊन सोडलं, पन्नास पावलं मागं गेला, तोंडाशी हात धरले आणि ओरडत, हात हलवत, स्वतःच त्याच्याकडं निघाला.

“टी-टी-टिव! टी-टी-टिव!”

पिल्लू बसलं. मग मान वर करून त्यानं पाहिलं, कोण येतंय. ओळखीचा माणूस दिसला, तसं ते उठलं आणि धावत आलं. सटवाजी आणखी जोरात ओरडला, वळला आणि दूर निघून गेला. त्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी ते अर्ध्या वाटेत थांबलं. चौथ्या दिवशी तो ओरडला आणि पिल्लू उठलं नाही. दगडाशेजारी दगड होऊन पडून राहिलं. सटवाजी त्याच्यापासून चार पावलांवरून गेला. पिल्लाचा डोळा त्याला दिसत होता, काळा, न हलणारा, त्याच्यावर रोखलेला. तो खाली बसला असता आणि हाक मारली असती, तर ते कदाचित आलं असतं. त्यानं न पाहिल्यासारखं केलं आणि चालत राहिला.

मग पिल्लाला रात्री ऊब मिळावी म्हणून माळावरच एका खळग्याच्या आडोशाला वाखाचा झुबका ठेवून तो रोज एकटाच घरी परतू लागला. घरात आता भिंतीवरच्या मुंग्या कुणी टिपत नव्हतं. स्वयंपाक करताना तो दोनदा काहीतरी बोलायला मागं वळला. तिसऱ्यांदा वळला नाही.

पिल्लाला पंख फुटले. गळ्याशी काळा पट्टा उठला. माळाच्या पलीकडं टिटव्यांची दोन जोडपी असायची. ती आधी त्याला हुसकायची, मग हुसकेनाशी झाली, आणि एके सकाळी खळग्यातला झुबका न दबलेला, जसाच्या तसा दिसला; रात्री त्यात कुणी निजलं नव्हतं.

वर्ष गेलं. पुन्हा चैत्र आला. सटवाजी ओढ्याकडं निघाला होता, डोक्यावर वाखाचा भारा. माळाच्या मधोमध आला आणि गवतातून एक टिटवी उडाली. किंचाळत, थेट त्याच्यावर. त्याच्या मुंडाशाला पंख घासून वर गेली, वळली, पुन्हा आली. डाव्या पायाला जुना वण होता. पुढं दहा हातांवर, सपाट जमिनीत चार पिल्लं भुईला चिकटून बसली होती. एकही हललं नाही.

सटवाजीनं तिला हाक मारली नाही. किती वेळ तो तिथं उभा राहिला आणि ती किती वेळ त्याच्या डोक्यावर ओरडत राहिली, ते सांगायला तिथं दुसरं कुणी नव्हतं. मग तो मागं सरकला. टिटवी गप्प होईपर्यंत सरकत राहिला, आणि लांबचा वळसा घालून ओढ्याला गेला. त्यानंतर जन्मभर तो त्या वळशानंच गेला. त्याच्या पायांनी तिथं पायवाट पडली आणि पुढं सगळं गाव त्याच वाटेनं जाऊ लागलं. मध्ये खड्डा नाही, झाड नाही, धोंडा नाही, तरी ही वाट इथं एवढी का वळते, असं परके लोक विचारायचे. गावात कुणालाच सांगता यायचं नाही. आणि वाटेच्या पोटातल्या त्या जागेत दर चैत्रात टिटव्या निर्धास्त अंडी घालायच्या.

बोध एवढाच: ज्याला जीव लावला, त्याला आपल्यावाचून जगता यावं म्हणून जी झटते, तीच माया खरी.