रायाजी नावाड्याचं मनगट

नद्यांवर पूल नव्हते, तेव्हाची गोष्ट. एका रुंद नदीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात रायाजी नावाचा नावाडी राहत होता. नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत एक जाड दोर बांधलेला असे. नावेत उभं राहायचं, दोर दोन्ही हातांनी धरायचा आणि ओढत ओढत नाव पलीकडे न्यायची, असं त्याचं काम. बाजाराला जाणारी माणसं, शेळ्या, गाठोडी, हळदीच्या अंगाची नवरी, सगळी त्याच नावेतून जात. दोर ओढताना रायाजी मोठ्यानं गाणं म्हणायचा. काठावर धुणं धुणाऱ्या बाया हातातलं काम थांबवून ऐकायच्या. ज्यांनी ते गाणं ऐकलं, ती माणसं पुढे म्हातारी झाली तरी त्याची आठवण काढत.

रायाजीच्या हाताची पकड सगळ्या मुलखात नावाजलेली. तो चिमटीत धरून सुपारी फोडायचा. जत्रेत पंजा लढवायला बसला, की समोरच्याचा हात बघता बघता आडवा. त्याला स्वतःलाही त्या हाताचा फार अभिमान होता.

एकदा घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून त्याचा पाय घसरला. सगळा भार उजव्या हातावर आला आणि मनगट मोडलं. गावातल्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. हात बरा होईतोवर नाव कोण ओढणार? रायाजीची बायको भिवरा पदर खोचून नावेत उभी राहिली. सुरुवातीला तिच्या तळव्यांना फोड आले, दंडात गोळे आले. पण हळूहळू ती सरावली आणि खेपा चालू राहिल्या.

पुढे कामट्या सुटल्या. रायाजीनं आपला हात पाहिला आणि त्याला तो ओळखूच येईना. मनगटापासून कोपरापर्यंत नुसती काटकी! पाण्याचा तांब्या उचलायला गेला, तर तांब्या निसटून पडला. घरभर पाणी झालं. भिवरा खाली बसून फडक्यानं ते टिपू लागली. तिला तसं टिपताना पाहून त्याला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी तो तडक नावेत चढला. "सर बाजूला. माझं काम मी करणार."

"अहो, इतक्यात नको," भिवरा म्हणाली. पण त्यानं दोर धरलाच.

अर्धी नदी ओलांडेपर्यंत त्यानं दात-ओठ खाऊन ओढलं. मग बोटं आपोआप उघडली. नाव गर्रकन फिरली, माणसं ओरडली. भिवरानं झेप घेऊन दोर धरला म्हणून बरं. संध्याकाळपर्यंत रायाजीचं मनगट पुन्हा टम्म सुजलं.

हाडवैद्य चांगलाच चिडला. "हाड जोडणं माझं काम होतं, ते मी केलं. जोर आणणं तुझं काम आहे. पण तो असा ओरबाडून येत नाही."

"मग कसा येतो, वैद्यबुवा?"

"सूज उतरली की ओलं फडकं पिळ. ते जमलं की लहानसं मडकं घे आणि बोटांनी त्याचा काठ धरून उचल. आधी रिकामंच. सोपं वाटायला लागलं की त्यात मूठभर वाळू टाक. पुढे एका दांडक्याला सुतळीनं दगड बांध आणि मनगटं फिरवून ती सुतळी गुंडाळ, मग तशीच सावकाश सोड. बाजरीच्या पिंपात हात खुपसून बोटं उघडायचीही सवय कर, नुसतं आवळून भागत नाही. आणि हात ठणकला, तर दुसऱ्या दिवशी गप्प बसून राहा."

"बसून राहिल्यानं जोर येतो?"

"मग काय! केलेली मेहनत अंगी लागायला वेळ नको?"

रायाजी गोठ्यामागे लपून फडकं पिळू लागला. लोकांनी पाहिलं तर काय म्हणतील! भिवराच्या ते ध्यानात आलं. ती म्हणाली, "घाटावर येऊन बसत जा की. मलाही तेवढीच सोबत."

तो घाटावर बसू लागला. पहिल्याच दिवशी कुणीतरी हसलंच. "काय रायाजी, आता धुणी धुवायला घेतलीस का?" रायाजीनं मान खाली घातली, पण फडकं सोडलं नाही.

रोज समोरून नाव जायची. ओल्या दोराचा वास यायचा. त्याला आपला बाप आठवायचा. लहानपणी त्याचे इवलेसे हात दोरावर ठेवून वरून आपल्या राठ तळव्यांनी ते झाकणारा. तेव्हा वाटायचं, नाव आपणच ओढतोय. त्या आठवणीनं त्याचे डोळे भरायचे, आणि मग तो मडकं पुन्हा उचलायचा.

जत्रा आली. शेजारच्या गावच्या पैलवानानं त्याला गर्दीत गाठलं आणि सगळ्यांसमोर साद घातली, "या नावाडीबुवा! दरवर्षी मला पाडत होतात. यंदा बसा की पंजाला. का बायकोला पाठवता?"

सगळे खो खो हसले. रायाजीचे कान तापले. तो ताडकन पुढे झाला आणि त्यानं कोपर टेकवलंसुद्धा. पैलवानाचा रुंद पंजा समोर तयार होता. एक जोराचा झटका, एवढंच तर काम! जिंकलो, तर आजवरचं सगळं हसू मिटेल. पण मनगट पुन्हा मोडलं, तर?

त्यानं हात मागे घेतला. "आज नाही. हात अजून तयार नाही."

"भ्याला!" मागून कुणीतरी ओरडलं. रायाजी गर्दीतून वाट काढत घरी आला आणि भिंतीला टेकून बसला.

"सगळ्यांसमोर मान खाली गेली गं," तो म्हणाला.

भिवरा त्याच्याजवळ बसली. त्याचा हात तिनं मांडीवर घेतला आणि चाचपून पाहिला. "मनगट तर शाबूत आहे ना? मग झालं तर." सकाळी उठून त्यानं मडक्यात आणखी एक मूठ वाळू टाकली.

महिने गेले. मडकं मोठं झालं, दगड जड झाला. मग एक खेप भिवराची, एक रायाजीची, असं सुरू झालं.

एका दुपारी माणसांनी भरलेली नाव नदीच्या मध्यावर होती. दोर भिवराच्या हातात होता, रायाजी तिच्या मागे बसला होता. वर डोंगरात कुठेतरी पाऊस कोसळला असावा. अचानक गढूळ लोंढा आला आणि नावेला ओढू लागला. भिवरा वाकली. दोर तिच्या मुठीतून सरकू लागला. "अहो, धरा! सुटतोय!"

रायाजीनं दोर धरला. नाव हिसके देत होती आणि मनगटात कळ उठत होती, पण बोटं उघडली नाहीत. "तू श्वास घे, मी धरलंय," तो म्हणाला. मग दोघं मिळून हातभर, पुन्हा हातभर ओढत राहिली. नाव काठाला लागली, तेव्हा लेकरांना कवटाळून बसलेल्या बाया रडत रडत खाली उतरल्या.

हाडवैद्य धावत घाटावर आला. त्यानं रायाजीचा हात उलटसुलट करून पाहिला.

"पूर्वीसारखा नाही झाला, वैद्यबुवा," रायाजी म्हणाला. "पूर्वी एकटा ओढायचो."

"पूर्वीचा हात तुला बापाकडून आयता मिळाला होता," वैद्य म्हणाला. "हा तू कमावलास."

रायाजी हसला. भिवरा दोराशी उभी होती. पलीकडच्या काठावरून कुणीतरी नावेसाठी हाका मारत होतं. लोंढा ओसरल्यावर दोघांनी एकदम दोराला हात घातला, आणि फार दिवसांनी नदीवर ते गाणं ऐकू आलं. या वेळी त्यात दोन आवाज होते.

तात्पर्य: गेलेलं बळ हट्टानं परत येत नाही. रिकाम्या मडक्यापासून सुरुवात करायला जो लाजत नाही आणि हात तयार होईपर्यंत थांबायला जो भीत नाही, त्याची पकड ऐन वेळी सुटत नाही.