बायकांचा तास

नगरपालिकेकडे पैसा कमी पडला आणि पहिली कुऱ्हाड पोहण्याच्या तलावावरच्या बायकांच्या तासावर कोसळली. "कोण बाया येतात पोहायला?" असं म्हणत समितीचे अध्यक्ष खराडेसाहेब चार नगरसेवक घेऊन ऐन त्याच तासाला तपासणीला आले आणि काठावर खुर्च्या टाकून बसले. अर्धा तास गेला तरी पाण्यात कुणी उतरलं नाही.

"बघा, चिटपाखरू नाही. लिहा, तास बंद."

तलावाची राखणदार सरूक्का झाडू टाकून पुढं झाली. बारा वर्षं तिनंच एकेकीला हाताला धरून पाण्यात उतरवलं होतं.

"साहेब, पाच बाप्ये डोळे फाडून बसल्यावर कुठली बाई ओल्या अंगानं पुढ्यातनं जाईल? मोजायचंय ना? मग तोंडं भिंतीकडं करा आणि कानांनी मोजा."

साहेब चिडले, पण वळले. कपडे बदलायच्या खोलीचं दार वाजलं. धपाक्, धपाक् करत तेवीस उड्या पडल्या. मग कुणीतरी एकेक पायरी करत हळूच पाण्यात उतरलं.

"ही चोविसावी उडी का मारत नाही?" साहेबांनी भिंतीलाच विचारलं.

"गुडघे धरलेत रे, दत्तू," मागून त्यांच्या आईचा आवाज आला. "पाण्यातच तेवढं चालता येतं मला."

साहेबांनी भिंतीकडं बघतच कागद मागितला आणि 'बंद' खोडलं.

"सरूक्का, आईचा हात धरा."

"धरलाय कवाच. तुम्ही भिंत धरा आणि बाहेर व्हा."