एकहाती गाडी

दूध संघाचे चेअरमन दादासाहेब इंगवले यांच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. त्यांनी आपली लाल स्पोर्ट्स कार विकायला काढली, तेव्हा ती बघायला मिरजेहून रेश्मा तांबोळी आली. बाई स्वतः गॅरेज चालवायची. शर्यतीत पिळून काढलेलं इंजिन आपल्या गळ्यात पडू नये, एवढीच तिला धास्ती होती.

ओट्यावर संघाचे संचालक बसले होते. त्यांच्या देखत दादासाहेबांनी बॉनेटवर थाप मारली. "शर्यत? छट्! माझ्याशिवाय हिला कुणी हात लावलेला नाही. पंचवीस वर्षं संघ एकहाती चालवला, तशीच ही गाडीही एकहाती चालवली!"

रेश्माने आत डोकावून बघितलं. सीट स्टीअरिंगच्या अगदी जवळ, शर्यतीच्या गाडीत असते तशी नटबोल्टने कायमची आवळलेली होती.

"मग जरा चालू करून दाखवा की, दादासाहेब."

दादासाहेब ऐटीत आत शिरले, म्हणजे अर्धेच शिरले. पोट स्टीअरिंगला अडलं आणि एक पाय बाहेरच राहिला. पायरीवर उभा असलेला त्यांचा काडीसारखा मुलगा रणधीर हळूच घरात सटकला.

रेश्मा अदबीने म्हणाली, "गाडी एकहातीच आहे, साहेब. फक्त तो हात तुमचा नाही. आता संघाच्या खुर्चीतही एकदा बसून बघा."

या बाईला कुणीतरी गप्प करील म्हणून दादासाहेबांनी ओट्याकडे पाहिलं, तर अकराच्या अकरा संचालक मान खाली घालून आपापल्या चपला शोधत होते.