बकुळीच्या गळ्यातला गोळा

समुद्राजवळच्या एका इवल्याशा गावात, केशरी अबोलीच्या बागेच्या कडेला, बकुळी नावाची मुलगी राहायची. आई नाही, बाबा नाहीत. होती फक्त मामी. बकुळी फुलं खुडायची, मामी त्यांचे वळेसर गुंफून देवळापाशी विकायची, तेव्हा कुठे घरात चूल पेटायची.

एके सकाळी बकुळी उठली, तो गळ्यात गोळा. फणसाच्या आठळीएवढा. गिळला तरी खाली जाईना, खाकरलं तरी वर येईना.

"मामी, गळ्यात गोळो आसा गो," ती म्हणाली.

मामीला वाटलं, माशाचा काटा अडकला. समुद्राकाठची माणसं, त्यांना दुसरं काय सुचणार! तिनं कोरड्या भाताचा मुटका गिळायला दिला, मग केळं, मग आणखी भात. काटा असता तर गेला असता. गोळा हलला नाही. वैद्यबुवांनी आ करायला लावून आत पाहिलं आणि म्हणाले, "काय्येक नाय."

झालं! त्या दिवसापासून बकुळी खोटारडी ठरली. "ढोंगा करता चेडू," मामी शेजारणींना सांगायची. "कामाचो कंटाळो, दुसरा काय!" मुली तिला पाहून गळा धरून खोकायच्या. बकुळीला जेवायची भीती वाटू लागली. ती घास तोंडात घोळवत बसायची, आणि मामी रागानं ताट उचलून न्यायची. तिचे गोबरे गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. मला विचाराल तर, दुखण्यापेक्षा ते कुणी खरं न मानणं फार वाईट.

घोटभर पाणी प्यायलं की मात्र तिला गोळ्याचा जरा विसर पडायचा. म्हणून फुलं खुडतानाही ती चिमुकला तांब्या जवळ ठेवायची.

एकदा कडक उन्हाळ्यात बागेच्या कोपऱ्यात एक रोप मान टाकून पडलेलं तिला दिसलं. विहीर आटलेली. बकुळीनं तांब्याकडे पाहिलं, आणि शेवटचा घोटसुद्धा त्या रोपाला घातला.

तोच पानं लखलखली! इवल्याशा कळीतून इवलीशी परी बाहेर आली. पंख अबोलीच्या पाकळ्यांचे, केसांत सोनेरी मणी. परी असली तरी ती त्याच बागेतली, त्यामुळे बोलली गावचंच.

"माझो जीव वाचवलंस. एक मागणा माग. तुझो गोळो काढू?"

बकुळीचे डोळे चमकले.

"पण नेम ऐक. काढलेला दुखणा ठेवूक माझ्याकडे जागा नाय. तू ज्याचा नाव घेशीत, त्याच्या गळ्यात ता जातला. सांग, कोणाच्या गळ्यात घालू?"

मामीचं नाव अगदी जिभेवर आलं. कळू दे तिला! बकुळीनं तोंड उघडलंसुद्धा. मग तिला मामीच दिसली, ताटासमोर बसलेली, घास तोंडात घोळवत असलेली, आणि भोवतीचे सगळे म्हणताहेत, काय्येक नाय, काय्येक नाय.

बकुळीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"कोणाच्याच नको. रवांदे माझ्याकडेच."

परी अलगद तिच्या खांद्यावर बसली आणि तिच्या तोंडात डोकावली. "माकाय काय दिसणा नाय," ती हळूच म्हणाली. "पण तू म्हणतंस आसा, तर आसा."

इतक्या दिवसांत असं कुणी म्हटलंच नव्हतं.

"मागणा अजून शिल्लक आसा हां," परी म्हणाली.

"मग ह्याच मामीनय म्हणूंदे."

परी हसली. गुलाबी, केशरी, सोनेरी उजेड बागभर पसरला, आणि त्यातच ती विरघळून गेली. सुकलेल्या रोपावर फुलंच फुलं डोलत होती.

घरी मामीनं ताट वाढलं. बकुळी घास घोळवू लागली तशी मामी ओरडायला वळली आणि थांबली. त्या बसलेल्या गालांकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

"अजून आसा गो?"

"आसा," बकुळी म्हणाली.

"आसा तर आसा." मामी म्हणाली. तिनं भातावर गरम पेज ओतली, बोटांनी मऊमऊ कालवलं आणि तांब्या भरून शेजारी ठेवला. "सावकाश जेव. मी बसलंय हयसर."

गोळा गेला नव्हता. पण त्याच्या बाजूनं पहिला घास हळूच खाली उतरला, मग दुसरा. ताट रिकामं होईपर्यंत मामी जागची उठली नाही.